मी लठ्ठ कशी झाले

माझा नातू मुंबईला डॉक्टरी शिकतो. सुटीत घरी आला की पहिले दोन दिवस त्याचे लाड होतात आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्या मागं लागतो. "आजी, तू दिवसभरात काय काय खातेस ते एकदा खरं सांग." त्या 'खरं'वर तो असा जोर देतो, की ऐकणाऱ्याला वाटावं ही म्हातारी कोठीतून गूळ पळवते. मी सगळं खरं सांगते आणि त्याचा विश्वास बसत नाही. माझ्या सुनेचं म्हणणं की हे आमच्या घराण्यातच आहे. वैद्यबुवा म्हणतात, कफाची प्रकृती. शेजारच्या बाई म्हणतात, बसून खाल्लेलं अंगी लागतं, आणि हे त्या स्वतः आमच्या ओसरीवर बसून खाता खाता म्हणतात. आता घराण्याचंच बोलायचं तर माझी माय फुंकर मारली तर उडेल अशी होती, बाबा काटकुळे, भाऊ तर उन्हात उभे राहिले तर सावली पडते की नाही असे. लग्न होऊन मी अकोल्याला गेले तेव्हा मीही तशीच होते. तेव्हा हे मांस माझ्या अंगावर आलं कुठून, हे मला कुणी वैद्यानं सांगायची गरज नाही. मी ते तेव्हाच शोधून काढलं होतं, आणि शोधताना माझ्या जिवाला जो घोर लागला होता तो आजही आठवतो.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमचे हे म्हणायचे, तुझ्यासमोर देव उभा राहिला तरी तू त्याला पाठ फिरवून दाखव म्हणशील. मी म्हणे, कर नाही त्याला डर कशाला, देवानं फिरावं की. पण मी जन्मानं अशी नव्हते. माहेरी माझ्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच, तर संशय कशाचा घेणार? तो मला सासरी लागला, आणि जेवणाच्या पानावर लागला.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, एवढं आम्हा बायकापोरींच्याही कानांवर आलं होतं. आगगाडी अजून आली नव्हती. माझ्या माहेरी, अमरावतीला, आमच्या दारावरून गाड्यांची रांग जायची ती सकाळी सुरू व्हायची आणि दिवस कलला तरी संपायची नाही. बैलांच्या गळ्यांतल्या घागऱ्या, आखांचा कुरकुराट आणि गाडीवानांच्या शिव्या, या आवाजात माय मला हाक मारायची ती ऐकू यायची नाही. कापसाचे पुंजके उडून सगळीकडं बसत, झाडांवर, घरांच्या धाब्यांवर, तापत ठेवलेल्या दुधावरसुद्धा. ज्याच्याजवळ तुकडाभर काळी जमीन होती त्यानंही तिच्यात कापूसच पेरला. ज्वारी पेरायची कुणाला हौस नव्हती. त्यामुळं झालं असं, की बायकांच्या अंगावर दागिने आले आणि बाजारात ज्वारी मिळेनाशी झाली. चांदीचा करदोडा घातलेले गडी कण्या शिजवून खाताना मी पाहिले आहेत.

अशा दिवसांत माझं लग्न अकोल्याच्या एका आडत्याच्या घरात झालं. घरची जमीन, घरची आडत, दारात म्हशी. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. मी शहाणी झाल्यावर मला नांदायला पाठवायचं ठरलं तेव्हा गाडीत बसायच्या आधी मायनं मला माजघरात बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ही सांगेल की मोठ्यांच्या पाया पड, डोक्यावरचा पदर ढळू देऊ नको. तिनं त्यातलं काहीच सांगितलं नाही. माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "पानात पडलं ते नाई म्हणू नको. त्या घरात जेवाले कदी म्हंजे कदी नाई म्हणू नको." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "माह्या गळ्याची आन घे." जेवणासाठी आण घ्यायला लावणारी माय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला हसू आलं. मायला आलं नाही.

अकोल्याचं घर माणसांनी आणि कापसानं भरलेलं होतं. पुढच्या अंगणात कापसाचे ढीग आणि मागच्या पडवीत रेचे. रेचा म्हणजे हातानं फिरवायचं लाकडी यंत्र. एका बाजूनं कापूस घातला की रुई पलीकडं पडायची आणि सरकी अलीकडं. पंधरावीस बाया ते दिवसभर फिरवत आणि त्यांचा कूंऽ कूंऽ असा आवाज घराला लागून राहिलेला असे. संध्याकाळी तो थांबला की कानात दडा बसल्यासारखं व्हायचं. सरकीचे ढीग लागत. ती भिजवून म्हशींना घालायची, त्यामुळं दूध इतकं दाट, की साय काढायला उलथनं लागावं. त्या घरात तुपाला तोटा नव्हता. ज्वारीलाच कुलूप होतं. ज्वारीच्या कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असे. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. उंच, सरळ, कमी बोलणाऱ्या. हसताना त्यांना मी त्या पहिल्या वर्षात पाहिलं नाही. मामंजी आडतीत, आमचे हे गाड्यांबरोबर कधी खामगावला, कधी आणखी कुठं. घरात सून मी एकटीच. म्हणजे माझी तशी समजूत होती.

मामंजी आणि हे जेवून उठले की आम्ही दोघी बसायचो. आत्याबाई माझ्या पानात पहिली भाकरी वाढत, तिच्यावर वाटीभर तूप, बाजूला वरण, अंबाडीची भाजी, पाटवडीचे तुकडे. मी ते संपवलं, की दुसरं सगळं तसंच. दुसरी भाकरी, दुसरं तूप, दुसरं वरण. 'आणखी घे' असा तो आग्रह नव्हता. आग्रहात हसणं असतं, आढेवेढे असतात, हात आडवा धरणं असतं. आत्याबाई पहिल्यापासून वाढायला सुरुवात करत, अगदी कोपऱ्यातल्या मिठापासून, आणि वाढताना माझ्याकडं बघत नसत. वाढून झालं की मात्र बघत. मी शेवटचा घास गिळेपर्यंत त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नसे. त्या स्वतः एक कोर भाकरी ताकात कुस्करून खात. मी मायच्या गळ्याची आण घेतलेली. पोटात जागा नसली तरी मी खात राही आणि मनात म्हणे, ज्या घरात ज्वारीला कुलूप आहे त्या घरात मला एकटीला हे दुप्पट कशासाठी? प्रेम म्हणावं तर बाकी दिवसभर एक गोड शब्द नाही. दळण मी दळायची, पाणी मी शेंदायची, माझ्या पाठीवरून कधी हात फिरला नाही. फक्त जेवताना ही वेगळीच बाई होऊन बसे.

अंग भरायला लागलं. चोळ्या उसवून झाल्या, नव्या शिवून झाल्या. श्रावणात मन्यारीण आली. तिला सगळं गाव फातमाबी म्हणे. डोक्यावर बांगड्यांची टोपली, तोंडात पान, आणि बोलणं अर्धं आपलं अर्धं त्यांचं. तिनं माझा हात दाबदाबून पाहिला, एक माप काढलं, ते चढेना, वरचं काढलं, तेही बोटांच्या पेरांशी अडलं. तिसरं चढलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. ते मोठं माप चढलेलं बघून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, जसा बाजारातून चांगला सौदा करून आलेल्या मामंजींचा व्हायचा. फातमाबी हसून म्हणाली, "अल्ला का शुकर है बाई, इस घर में ऐसा भी हाथ देखने मिला." आत्याबाईंनी तिला लगेच बांगड्यांचे दाम दिले, वर दोन भाकरी पदरात टाकल्या आणि वाटेला लावलं. मी माझ्या हाताकडं बघत राहिले. 'ऐसा भी' म्हणजे काय? कसा हात या घरात दिसायचा? आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "खिचडी टाकली हाय, जेवून घे."

महालक्ष्म्यांच्या आधी मला माहेरी धाडलं. अमरावतीला गाडीतून उतरले तर भावांनी मला ओळखलंच नाही. मायला मात्र काय आनंद झाला. ती माझे दंड धरून बघे, गाल ओढून बघे आणि पुन्हा पुन्हा म्हणे, "मानवलं वं तुले." त्या आनंदात काहीतरी सुटका झाल्यासारखं होतं, आणि तेही मला खटकलं. आमची एक आत्या होती, बाबांची थोरली बहीण, विधवा होऊन आमच्याकडंच राहिलेली, जिभेला हाड नसलेली. ती मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "कोनी सुनेले फुकट तूप पाजत नाई. फुगवून ठेवाची, मंग दोन वर्सानं म्हनायचं, हिले चरबी आली, हिच्या पोटी काही लागत नाही, अन् दुसरी आनाची. म्या असं पाहेल हाय." माय चुलीशी होती. ती आत्याला गप्प करेल, असलं काही होत नाही म्हणेल, म्हणून मी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, डब्यातून एक लाडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

तो लाडू मी खाल्ला. भूक नव्हती, पण खाल्ला, आणि खाताना मला पहिल्यांदा उमगलं, की माझ्याशी कुणालाही काही बोलायचं नसलं, की माझ्या पुढ्यात खायला येतं. आजही तसंच आहे. मुलगा आणि सून दाराआड कुजबुजायला लागले, की मला कडकडून भूक लागते. नातवाला हे सांगितलं तर तो हसला. त्याच्या पुस्तकात ही भूक नसेल.

अकोल्याला परत जाताना गाडीत मी रडले नाही, पण सबंध वाट मला दुसरंतिसरं काही सुचलं नाही. सवत येणार. मला माहेरी पाठवतील, नाहीतर पडवीत एक कोपरा देतील आणि रेचा फिरवायला बसवतील. आमच्या यांचं माझ्याशी वागणं वाईट नव्हतं. मेळघाटातून आणलेला मध, एक आरसा, असं काहीबाही ते माझ्यासाठी आणत. पण तेसुद्धा माझ्याकडं कधी कधी असे बघत, की माझ्यामागं आणखी कुणी उभं आहे की काय म्हणून मी वळून पाही. परत गेल्यावर मी धीर करून त्यांना विचारलं, की तुमच्या मनात दुसरं काही आहे का. ते पगडी बांधत होते. हात थांबले. मग म्हणाले, "आई वाढते ते जेवत जाय. बाकी काही नाई." आणि आडतीत निघून गेले. तेही जेवणावरच आले.

पितृपंधरवड्यात नवमीला घरात सकाळपासून मोठा स्वयंपाक झाला. पुरण, वडे, भात, कढी. त्या दिवशी सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या आळीतली एक बाई बोलावली होती. आत्याबाईंनी तिची ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं, आणि एरवी कुणापुढं न वाकणाऱ्या त्या बाईनं तिला वाकून नमस्कार केला. ती बाई जेमतेम विशीची होती, आत्याबाईंच्या मुलीच्या वयाची. मी वाढता वाढता मनाशी नातेवाईक जुळवत बसले. आत्याबाईंची सासू विधवा होऊन मेली, तिची गोष्ट मी मामंजींच्या तोंडून ऐकली होती. मामंजींना बहीण नव्हती. चुलत घर वेगळं, त्यांचं श्राद्ध ते करत. मग या घरातून कुंकू लावलेली कोण बाई गेली? आत्याबाईंना मी सरळच विचारलं, कोणाच्या नावानं आहे हे. त्यांनी माझ्या पानात पुरणपोळी टाकली, तिच्यावर तूप सोडलं, आणि मग दुसरी पुरणपोळी टाकली. 

नवरात्राच्या तोंडावर फातमाबी पुन्हा आली तेव्हा आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी तिला मागच्या दारानं आत घेतलं, पाटावर बसवलं आणि विचारलं, माझ्याआधी या घरात कोणाच्या हातात बांगड्या भरायचीस. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं की मला माहीत नाही. आधी तिनं कानाला हात लावले. मी तिचा हात सोडला नाही. मग ती हळू आवाजात बोलली. गोदावरी नाव. गोदी म्हणत. यांचीच पहिली बायको. "तुझ्याच उमर की थी बेटी. हाथ ऐसा, की बांगडी चढवायची तसदी नाय, खुद जा के कोपरापर्यंत. हर बार मैं छोटा माप आणायची, हर बार ढीला." आणि मग तिनं टोपलीवरचं फडकं नीट करत म्हटलं, की शेवटी शेवटी गोदी तिच्याकडं भाकर मागायची. "मेरे हाथ की रोटी मांगी उसने, बाई. मुसलमान के हाथ की. मैंने दी. इथंच, या दाराआड उभी राहून खाल्ली. भूकी थी बिचारी." पुढं ताप आला आणि ती गेली, एवढं सांगून फातमाबी उठली. त्या दिवशी तिनं बांगड्यांचे दाम घेतले नाहीत.

मी मागच्या दारात बसून राहिले. सवत यायची होती म्हणून मी झुरत होते आणि सवत तर माझ्याआधीच येऊन, उपाशी मरून गेली होती. बाबांना ठाऊक होतं. मायला ठाऊक होतं. म्हणून ती आण. यांना, मामंजींना, सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं, आणि मला सगळे नुसते भरवत होते. मला राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. ज्या बाईनं एका सुनेला उपाशी ठेवलं, ती दुसरीला तुपात बुडवते, म्हणजे तिच्या मनात काय आहे? गावाचं तोंड बंद करण्यापुरती मी पाहिजे होते का? आणि ते बंद झालं, की मग? त्या घरात माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. जाब विचारायची सोय नव्हती, निघून जायची वाट नव्हती. ताट दूर सारणं तेवढं माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी माझं पान वाढलं. मी मायच्या गळ्याची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि ताट पुढं सरकवलं. म्हटलं, मला नको. त्यांना वाटलं पोट बिघडलं. ताक देऊ का म्हणाल्या. मी म्हटलं, ताकही नको, मी जेवणार नाही. पळी त्यांच्या हातातून सुटली आणि तूप सारवलेल्या जमिनीवर सांडलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. ही उंच, सरळ बाई माझ्यासमोर बसली ती एकदम गळून गेल्यासारखी, आणि म्हणाली, "तू बी? बाई, तू बी तसंच करून राहिली का?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, चुलीकडं तोंड करून. त्या वर्षी ज्वारी मिळेनाशी झाली होती. गोदीच्या माहेरच्यांनी सगळ्या रानात कापूस लावलेला, खायला घरात काही नाही, आणि तिचा भाऊ दर चार दिवसांनी बहिणीला भेटायला यायचा. इकडं आमच्या पेवातली, म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेली ज्वारी, दर वेळी उघडून बघावी तर आणखी खाली गेलेली. आत्याबाईंनी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. गोदीचा ओचा तपासला. रोजच्या भाकरीपुरतं धान्य पेवातून कोठीत आणून कोठीला कुलूप घातलं. भाकऱ्या स्वतःच्या हातानं वाढायला लागल्या. गोदी मानी पोरगी. ती म्हणाली, तुमचं अन्न तुमाले लखलाभ, आणि पानावरून उठली. "म्या म्हनलं, ही उपाशी किती दिवस राहीन? येईन आपोआप. मी वाढाची, ते ती तसंच ठेवाची. मंग मी वाढनं बी कमी केलं. म्हनलं, अन्न वाया कायले घालवा." गोदी गेली आणि तिच्या दिवसांच्या जेवणासाठी पेव तळापर्यंत उपसलं, तेव्हा बुडाशी ओल लागलेली दिसली. खालची ज्वारी कुजून, काळी होऊन बसली होती, म्हणून वरची खचत होती. कुणी एक दाणा नेला नव्हता.

"तुह्या पानात मी तुहं वाढतो, मंग तिचं वाढतो," आत्याबाई म्हणाल्या. "तू खाल्लं की वाटे, तिनं खाल्लं."

 माझे दंड, माझे गाल, तो वाढलेला घेर, यातलं अर्धं माझं नव्हतंच. एका मेलेल्या पोरीची भूक मी वर्षभर भागवत होते आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या कुणाला त्या घडीला दया आली असती. मला आली नाही. माझ्या डोक्यात फातमाबीची भाकर होती. गोदीनं मानानं अन्न सोडलं ही आत्याबाईंची गोष्ट, आणि आत्याबाईंशिवाय तिला साक्षी कोणी नाही. मी म्हटलं, अन्न नको होतं तर तिनं मन्यारणीपाशी भाकर का मागितली? मागच्या दारात उभी राहून का खाल्ली?

आत्याबाई वळल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटलं. आज इतक्या वर्षांनीही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण माणूस काय काय सोंग आणतो हे मी पुढं पुष्कळ पाहिलं. पण त्यांचा एवढा मोठा चेहरा लहान मुलाचा झाला होता.

"मांगतली?" त्या म्हणाल्या. "फातमाबीले मांगतली? मंग मले काहून नाई मांगतली?"

"तुमाले मांगाची सोय होती का, आत्याबाई?"

 पदर तोंडावर ओढून त्या रडल्या, आवाज न करता. मागं रेचे फिरत होते. बऱ्याच वेळानं मी ताट ओढून घेतलं. त्यांची कीव आली म्हणून नव्हे, आणि मायच्या आणेसाठीही नव्हे. मी जेवले, कारण मला त्या घरात जगायचं होतं. जी पानावरून उठली तिचं काय झालं ते मी नुकतंच ऐकलं होतं. मी आधी माझी भाकरी खाल्ली आणि मग गोदीची.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी दुसऱ्यांदा वाढणं थांबवलं. कोठीचं कुलूपही काढलं. यांनी एका संध्याकाळी, आपण होऊन, गोदीबद्दल चार वाक्यं माझ्याशी बोलून घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून ते माझ्याकडं बघताना माझ्याकडंच बघत. सवत आली नाही. पुढच्या वर्षी थोरला झाला, माहेरच्या आत्याचे दात घशात गेले. पण माझं खाणं कमी झालं नाही. आता दुसऱ्यांदा वाढणारं कुणी नव्हतं, तर मी माझ्या हातानं वाढून घेऊ लागले. पान अर्धं ठेवून उठायला गेले, की पुन्हा खाली बसून ते संपवी. नातू म्हणतो, आजी, एक भाकरी कमी कर, त्यात काय कठीण आहे? त्याला काय सांगू? माणूस भुकेनं खातं, चवीनं खातं, तसं धास्तीनंही खातं. माझी धास्ती चौदाव्या वर्षी पोटात शिरली आणि तिनं बाहेर निघायचं नावच घेतलं नाही. कापसाचा भाव पुढं कोसळला, आडत बसली, चांगले दिवस आले, वाईट आले, यातल्या कशानंही माझं माप उतरलं नाही.

आत्याबाई पुष्कळ जगल्या. अखेरच्या दिवसांत त्यांना कशाची ओळख राहिली नाही. मुलाला त्या गाडीवान समजत, मला कधी शेजारीण समजत, कधी सुईण. एकदा दुपारी माझं जेवण झालं होतं आणि मी त्यांच्यापाशी जरा टेकले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "गोदी जेवली का वं?"

इतकी वर्षं मी या बाईच्या प्रत्येक शब्दाला नखानं खरवडून पाहिलं होतं. त्या दिवशी मला फक्त रडू आलं. मी म्हटलं, जेवली.

"मांगून घेतलं तिनं?"

"हो, आत्याबाई," मी म्हटलं. "मांगून मांगून जेवली."